पाऊण इंच

आठवीपर्यंत भिंगरीचं तोंड वर्गात फक्त हजेरीपुरतं उघडायचं, असं आज कुणी सांगितलं तर ऐकणारा सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. कारण दहावीतली भिंगरी म्हणजे सुटलेला नळ. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात तिला माइकसमोर दहा मिनिटं दिली होती, ती अठरा मिनिटं बोलली आणि खाली उतरली तेव्हा अख्खी शाळा तिला ओळखत होती. वरच्या वर्गातल्या मुली जिन्यात थांबून म्हणायच्या, "ए, ते उशीचं कर ना!" आणि भिंगरी वह्या-बिह्या पायरीवर टाकून तिथल्या तिथे करून दाखवायची.

ते उशीचं म्हणजे काय, ते सांगते. सगळी भानगड त्यातूनच झाली.

भिंगरीची आई शिंपीण. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. दोन पायमशीन, मधे कापायचं लांब टेबल, भिंतीला उभा आरसा आणि कोपऱ्यात करड्या रंगाचा जाड पडदा. त्या पडद्याआड मापं घ्यायची. आईचा नियम एकच आणि तो दगडावरची रेघ: पडद्याआड जे मोजलं ते पडद्याआडच राहणार. म्हणून तर तिच्या मापवहीत नावं नसायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक चित्र. छत्री, मासा, कंगवा, शिडी. वही चुकून कुणाच्या हातात पडलीच, तरी छत्रीची कंबर किती आणि माशाचं पोट किती एवढंच कळणार. छत्री कोण, ते आईला ठाऊक.

आईला आणि भिंगरीला. कारण चित्रं भिंगरीनंच काढलेली. चार वर्षांची असताना दुकानात नुसता धुडगूस घालायची, म्हणून आईनं तिच्या हातात पेन्सिल देऊन बसवली होती. पुढे ती मोठी झाली, चित्रं काढायची थांबली, वहीला हात लावायचीही थांबली. आईला वाटलं, विसरली असेल. पण पाठांतराच्या कविता विसरणारी भिंगरी तिनं स्वतः काढलेलं एकही चित्र विसरली नव्हती.

वहीतल्या चित्रांपैकी किल्ली म्हणजे शाळेतल्या ग्रंथपाल बाई.

कार्यक्रमाच्या दिवशी सुरुवात झकास झाली होती. "आमच्या घरी टेप आहे," भिंगरी माइकला म्हणाली, "आणि टेप कुणाची भीड ठेवत नाही. काका येतात, पोट आत ओढून उभे राहतात. आई म्हणते, श्वास सोडा. काका म्हणतात, सोडलाय! पँट शिवून होते. काका ती घालून मस्त उभे राहतात. बसायचं मात्र नाही. गेल्या महिन्यापासून एक काका उभेच आहेत, त्यांना कुणीतरी घरी न्या!"

हशा पिकला. मग आणखी दोन विनोद झाले आणि तिसरा पडला. साफ पडला. पडलेला विनोद कसा वाजतो हे ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. दोनशे माणसं एकदम खुर्चीत हलतात, कुणीतरी खोकतं.  आणि पाठ केलेलं सगळं बाजूला सारून, कुठून कसं कोण जाणे, भिंगरीच्या तोंडून ते बाहेर आलं.

"एक बाई आहेत. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली. पाऊण! मग काय, कोटात एका बाजूला जाडजूड पॅड. उशीच ती! सभेत इतरांना डुलकी आली की हनुवटीखाली हात घ्यावा लागतो. ह्यांचं बेडिंग बरोबरच!" आणि तिनं डाव्या खांद्यावर मान टाकून असं काही घोरून दाखवलं, की मागच्या रांगेतली मुलं बाकांवर उभी राहिली.

दुसऱ्या रांगेत ग्रंथपाल बाई बसल्या होत्या. चारचौघांत कधी दात न दाखवणाऱ्या बाई रुमालानं डोळे पुसत हसत होत्या. भिंगरीनं स्टेजवरून ते पाहिलं आणि तिच्या मनावरचं ओझं एका क्षणात उतरलं. बघा, स्वतः बाईच हसतायत! नाव मी घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, आणि जिच्यावर केला तीच हसली. मग चुकलं कुठे?

ह्या एका युक्तिवादावर भिंगरीनं चार दिवस काढले.

पाचव्या दिवशी वाचनालयाच्या तासाला दोन मुलं टेबलाशी बसून खांद्यावर मान टाकून घोरत होती. तोवर सगळ्या शाळेला तोच नाद लागला होता. "झोप आली असेल तर तोंड धुऊन या," बाई म्हणाल्या. त्यातला एक हसत दुसऱ्याला म्हणाला, "अरे, नीट टाक मान! पाऊण इंच खाली!"

बाईंच्या हातात शिक्का होता. तो तसाच हातात राहिला. मग त्या उठल्या, पुस्तकांच्या काचेच्या कपाटाशी गेल्या आणि पुस्तक शोधावं तशा उभ्या राहिल्या. भिंगरी बाजूच्याच रांगेत होती. बाई पुस्तकं बघत नव्हत्या. काचेतल्या स्वतःला बघत होत्या. त्यांचा उजवा हात हळूच डाव्या खांद्यावर गेला आणि तिथेच थांबला.

त्यानंतर त्या वरच्या फळीसाठी शिडीवर चढेनाशा झाल्या. काउंटरच्या मागून उठेनाशा झाल्या. मुलांकडे बघताना त्यांचे डोळे बारीक व्हायचे, एकेकाच्या तोंडावरून फिरायचे, जणू कुणाच्या तरी खिशात आपली वस्तू आहे. भिंगरीवर आले की तिला वाटायचं, माप आपणच चोरलं ते त्यांना कळलं. पुढे सरकले की वाटायचं, नाही कळलं. तिनं वाचनालयात जायचंच टाळलं. न वाचलेलं पुस्तक दप्तरात घेऊन आठवडाभर फिरत राहिली.

आणि मग एका दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई दुकानात आल्या. त्या नेहमी येताना गप्पांचं गाठोडं घेऊन यायच्या. त्या दिवशी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"माझा ड्रेस झाला असेल तर द्या. नसेल तर कापड परत द्या."

"का हो ताई? काय झालं?" आईनं कात्री खाली ठेवली.

"माझी पुतणी त्या शाळेत आहे. सगळं सांगितलं तिनं मला." नर्सबाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे भिंगरी दप्तर घेऊन उभी होती. "आज कुणाचा खांदा, उद्या माझी कंबर. मी माणसांच्या जखमा बांधते, पण बाहेर जाऊन नकला नाही करत. वहीत माझं जे काय असेल ते खोडा."

त्या गेल्यावर आईनं सगळं विचारलं आणि भिंगरीनं सगळं सांगितलं. म्हणजे विनोद सांगितला. घोरणं वगळून. आईचा चेहरा एकेका शब्दागणिक कोरडा होत गेला.

"पाऊण इंच म्हणालीस तू?"

"हो, पण नाव..."

"नावाचं राहू दे. पाऊण इंच तुला कुणी सांगितलं?"

इथे खरं बोलायला एक श्वास पुरला असता. पण खिडकीशी काजवाल्या मावशी बसल्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या, भिंगासारखा चष्मा, काजं-बटणं करायच्या आणि कोटांची पॅडंही त्याच बसवायच्या. भिंगरीचे डोळे तिकडे गेले. तोंडातून निघालं, "मावशी कधीतरी बोलल्या असतील... मला नीट आठवत नाही."

एवढंच, बरं का. बोलल्या असतील. आठवत नाही. पुराव्याला धरता येईल असं एक अक्षर नव्हतं त्यात. आणि त्या ढिसाळ वाक्यानं पुढचे पंधरा दिवस दुकानाचं वाटोळं केलं.

आई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त मापवही टेबलावरून उचलून कपाटात ठेवली आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली. गिऱ्हाईक आलं की मावशींना म्हणायची, "जरा मागच्या खोलीत इस्त्री बघता का?" मावशी जायच्या. इस्त्री तर मघाशीच बंद केलेली असायची. पॅडांचं काम आई स्वतः करू लागली. बोलता बोलता मधेच थांबायची, मावशींकडे बघायची आणि विषय हवापाण्यावर न्यायची.

मावशी काही खुळ्या नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांनी गंमत करून पाहिली. "काय हो ताई, मला सुई दिसत नाही म्हणून माझी बदली इस्त्रीवर? अहो, मला सुई दिसत नसेल, पण सुईला मी बरोबर दिसते. बोट चुकवत नाही ती!" एरवी आई हसून लोळायची. त्या दिवशी नुसती "हं" म्हणाली. मावशींनी आईकडे आणि दारातल्या भिंगरीकडे आळीपाळीनं पाहिलं आणि चष्मा पुसला. नंतर त्या विनोद करेनाशा झाल्या. येताना पिशवी उघडून टेबलावर ठेवायला लागल्या. जाताना पुन्हा उघडून ठेवायच्या. बघा, काही नेत नाही. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना तसं करायला.

भिंगरी ते बघायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. जेवताना आई म्हणायची, "मला अजून पटत नाही गं. बाई तशी वाटत नाही." भिंगरी म्हणायची, "हं." आई म्हणायची, "पण मग कुणी सांगितलं?" आणि भिंगरी पाणी प्यायची. ती इतकं पाणी प्यायली त्या दिवसांत!

शाळेत वेगळाच थाट. नाटकाचे सर तिला आंतरशालेय स्पर्धेला पाठवत होते. "ते उशीचं शेवटी ठेव," सर म्हणाले. "तेच आपलं हुकमी पान. आणि घोरणं जरा लांबव."

"सर, ते काढू या का? कुणाला लागलं तर?"

"कुणाला लागणार? नाव कुठे घेतेयस तू?" सर हसले. "आणि लागत नसेल तर तो विनोद कसला, नुसता साखरेचा खडा!"

हे तिचंच वाक्य होतं, नावाचं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते तिला पहिल्यांदाच शिळं वाटलं. काकांच्या पोटाचा विनोद तिनं उलटसुलट करून पाहिला. तोही कुणाला तरी लागत असेलच की. पण काका पोट आत ओढायचे ते स्वतः, दुकानातल्या आरशासमोर, सगळ्यांदेखत, आणि वर स्वतःच हसायचे. बाईंनी खांदा कुणाला दाखवलाच नव्हता. त्यांनी तो झाकायला आईकडे दिला होता. एवढा फरक तिला दिसत होता. पण दिसून उपयोग काय, दोनशे माणसं हसतात तो आवाज कानांतून जात नव्हता ना!

गुरुवारी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "शनिवारी ग्रंथपाल बाईंना बोलावलंय. त्यांच्यासमोरच मावशींचा हिशोब मिटवते. म्हणजे त्यांना कळेल की मी गप्प बसले नाही."

"म्हणजे मावशींना काढणार?"

"मग काय करू? माझ्या पडद्याला भोक पडलंय. ते शिवायला नको?"

शनिवारी सकाळी भिंगरीनं शाळेला जाताना बूट उलटसुलट घातले, उजवा डाव्या पायात, आणि तशीच शाळेत गेली. शाळा अर्ध्या दिवसाची. परत आली तेव्हा बाई आलेल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हाताची घडी, उजवा हात डाव्या खांद्यापर्यंत पोचलेला. मावशी मागच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. पिशवी उघडी.

"मावशी, पुढे या," आई म्हणाली. तिचा आवाज कापडावर खडू ओढावा तसा ओरखडत निघाला. "बाईंची माफी मागायचीय आपल्याला. तुमच्याकडून जे बाहेर गेलं..."

"माझ्याकडून?" मावशी म्हणाल्या. "काय गेलं? पंधरा दिवस मी स्वतःलाच विचारतेय, काय गेलं म्हणून. सांगा तरी!"

भिंगरी दारातच होती. आणि खरं सांगायचं तर तिनं सुरुवात स्टेजवर करतात तशीच केली. दुसरी कुठली येतच नव्हती तिला. दप्तर खाली टाकलं, हातात माइक असल्यासारखी मूठ धरली. "तर मंडळी, आमच्या घरी एक चोर आहे! चोराला चित्रं फार छान काढता येतात..."

कुणी हसलं नाही. तिघी तिच्याकडे बघत होत्या. पडलेल्या विनोदाचा तोच आवाज आला. ह्या वेळी कुणी खोकलंसुद्धा नाही. भिंगरीची मूठ आपोआप सुटली.

"मी होते," ती म्हणाली. "चित्रं मला सगळी आठवतात. वही मी गेल्या वर्षी पाहिली, तू आजारी होतीस तेव्हा. मावशी कधीच काही बोलल्या नाहीत. मी खोटं सांगितलं."

आई बसली. खुर्चीवर नाही, कापडाच्या गठ्ठ्यावरच. मावशींनी पिशवीचं तोंड शांतपणे बंद केलं.

 बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी हसले होते. तू पाहिलंस?"

"हो," भिंगरी घाईनं म्हणाली. "म्हणून मला वाटलं..."

"पाऊण इंच ऐकूनही ती मी असेन असं मनात आलं नाही, त्या मुलाच्या तोंडून ऐकेपर्यंत. कसं येणार? ही गोष्ट मी, तुझी आई आणि टेप, एवढ्यांतलीच. मी मनात म्हटलं, कोण बिचारी असेल! आणि तरी हसले. रांगेत सगळ्यांत जोरात मीच हसत होते. विनोद चांगला होता गं. तोच तर त्रास आहे. वाईट असता तर विसरले असते."

भिंगरीला रडू येत होतं, पण आत्ता रडणं म्हणजे पुन्हा सगळ्यांना आपल्याकडेच बघायला लावणं, हे तिला कुठूनसं कळलं. ती रडली नाही. "स्पर्धेत मी ते करणार नाही. सरांना सांगते. आणि त्या मुलांनाही..."

"मुलांना काय सांगशील? ती उशीवाली बाई कोण, ते?"

 खरंच की. थांबवायला गेलं तर आणखी उघडं पडणार. सोडलेलं वाक्य परत गोळा करायची सोय कुठेच नव्हती.

"नको सांगूस काही," बाई म्हणाल्या. "दमतील आपोआप. नवं काहीतरी दे त्यांना. स्वतःचं दे."

मग आई उठली. तिनं भिंगरीला रागावलं नाही, हातही लावला नाही. मावशींसमोर जाऊन उभी राहिली. "मावशी, मी तुम्हाला पंधरा दिवस चोरासारखं वागवलं. कुठल्या तोंडानं..."

"ह्याच तोंडानं," मावशी म्हणाल्या, "दुसरं कुठून आणणार? पण एक सांगते, ती इस्त्री आता मला बघवत नाही. सोमवारपासून माझी खिडकी मला हवी."

"खिडकी तुमचीच." आईनं गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं आणि वहीबरोबर एक कोरी वहीसुद्धा बाहेर काढली. "आणि चित्रंही तुम्हीच काढायची. सगळी नवी. जुनी फाडून टाकते."

"मला धड गोल येत नाही हो."

"चालेल. कुणाला ओळखू आली नाहीत तर उत्तमच."

भिंगरी सवयीनं टेबलाकडे वळली. पेन्सिलींचा डबा तिथेच होता, लहानपणापासूनचा. आईनं तो उचलला, बाईंना आणि मावशींना पडद्याकडे नेलं आणि मागे वळून म्हणाली, "तू इथेच थांब." आवाज साधा होता. अगदी गिऱ्हाइकांशी बोलतात तसा. कड्यांचा खर्रकन आवाज झाला आणि करडा पडदा भिंगरीच्या तोंडावर ओढला गेला.

ती आरशाजवळ उभी राहिली. आतून टेपची सळसळ आली. आई हळू आवाजात काहीतरी म्हणाली. भिंगरी दुकानात असताना पूर्वी ती इतक्या हळू कधीच बोलली नव्हती. मावशींनी काहीतरी उत्तर दिलं.  आणि मग तिघी हसल्या. आधी मावशी, मग आई, आणि शेवटी, रुमाल तोंडाला लावल्यासारखं दबकं, बाई.

भिंगरीनं कान टवकारले. काय म्हणाल्या असतील? मावशींच्या गोलाला हसल्या? की सुईला? की... तिनं आरशात पाहिलं. केस ठीक होते. बुटांकडे पाहिलं. सकाळचे उलटे बूट अजून तसेच होते, शाळेतही कुणी काही बोललं नव्हतं. ह्यालाच हसल्या असतील का? की आणखी कशाला, जे तिला दिसत नाही आणि त्या तिघींना दिसतं?

आत पुन्हा हशा झाला. ह्या वेळी मोठा.

पडदा बाजूला करून विचारावं, असं तिला फार वाटलं. हात पडद्यापर्यंत गेलाही. मग तिनं तो मागे घेतला आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.